कंबरदुखी: फिजिओथेरपी घ्यावी की योग-मालिश करावी?

रेणापूरहून लातूर जेमतेम 20 किलोमीटर. पण सोयाबीनची काढणी चालू असताना फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा लातूर गाठायचं, म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. त्यामुळे 'लातूरला जाऊ, की गावातच योग आणि मालिश करू?' हा प्रश्न इथे तब्येतीचा असतो तसा पैशाचाही असतो.

आधी शब्द समजून घेऊ

दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की डॉक्टर त्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशा माणसाला पुन्हा कामाला लागता यावं म्हणून जे उपचार होतात, ते पुनर्वसन. (लातूरकरांना हा शब्द ऐकून किल्लारीच्या भूकंपानंतर वसवलेली गावं आठवतील, इथे अर्थ वेगळा आहे.) प्रचलित पुनर्वसनात औषधं, व्यायाम आणि फिजिओथेरपी येतात. एकात्मिक पुनर्वसनात त्यांच्या जोडीला योग, ध्यान, मालिश, कधी आयुर्वेदही येतो. 'जोडीला' हा शब्द महत्त्वाचा. डॉक्टर सोडून बाकी सगळं करणं म्हणजे एकात्मिक उपचार नव्हे.

तुलना करून पाहिली तेव्हा

अमेरिकेत बॉस्टनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या 320 जणांवर एक अभ्यास झाला. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक लोक कमी उत्पन्नाचे होते. एका गटाला 12 आठवडे दर आठवड्याला योगवर्ग, दुसऱ्याला फिजिओथेरपीच्या 15 बैठका, तिसऱ्याला फक्त माहितीचं पुस्तक. दुखणं आणि हालचाल या दोन्हींत योग फिजिओथेरपीपेक्षा कमी पडला नाही. दोन्ही गटांत वेदनाशामक गोळ्या घेणारे लोकही पुस्तकवाल्या गटापेक्षा कमी होते. अर्थात हा योग कंबरेसाठी मुद्दाम बसवलेला, हलका होता. मोबाइलवर बघून केलेलं हलासन नव्हे!

गंमत अशी की याच अभ्यासाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट सेपर यांनी 2008 मध्ये इंटरनेटवर विकली जाणारी 193 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती. त्यातल्या सुमारे 20 टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणजे 'नैसर्गिक' या नावाखाली सगळं एकाच मापाने मोजता येत नाही.

मग खरा फरक कुठे आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. व्यायाम, रुग्णाला नीट माहिती देणं, मानसोपचार आणि मालिश यांना त्यात जागा आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून मणका ताणणं, म्हणजे ट्रॅक्शन, हे मात्र नेहमीच्या उपचारात नको असं म्हटलं आहे. आपल्याकडे 'कंबर धरली' म्हटलं की पहिल्यांदा पट्टाच येतो!

यामागे कारण आहे. अनेक महिने दुखत राहिलं की मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील होते आणि साध्या हालचालीलाही दुखण्याचा इशारा देते. माणूस घाबरून हलणं टाळतो, स्नायू कमजोर होतात, दुखणं वाढतं. 'मणक्यात गॅप आहे' हे ऐकलं की ही भीती दुप्पट होते. प्रत्यक्षात काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या सुमारे 80 टक्के लोकांच्या स्कॅनमध्येही मणक्यातल्या चकत्यांची झीज दिसते. त्यामुळे जो उपचार तुम्हाला स्वतःला हलायला लावतो, तोच पुढे टिकतो. मालिश आणि शेक यांनी आराम पडतो, पण तो हलायला सुरुवात करण्यापुरता वापरावा.

घरचं गणित

पाय लुळा पडणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणं, यातलं काहीही असेल तर योग-मालिशच्या आधी डॉक्टरांकडे जा.

हे नसेल, तर लातूरला महिनोन्‌महिने चकरा मारायची गरज बहुतेकांना नसते. फिजिओथेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा, 'मला घरी करायचे व्यायाम शिकवा.' दोन-तीन भेटींत ते पक्के करा आणि महिन्याने एकदा दाखवून या. गावात जाणकार योगशिक्षक असेल तर त्यांनाही दुखणं कुठे आहे ते सांगून वर्गाला बसा. हाडं ठिसूळ झालेल्या आजींना मात्र पुढे वाकायची आसनं नकोत.

आणि बाजारात मिळणारी नाव नसलेली पुडी? दोन दिवसांत चमत्कार झाला, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, पुडी सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा.