सावली ही आरोग्याची गरज

पत्र्याच्या घरात दुपारी तीन वाजता बसले की उन्हाळा म्हणजे काय ते कळते. पत्रा आग ओकतो. सिमेंटचे रस्ते आणि भिंती दिवसभर उष्णता साठवून ती रात्री सोडतात, म्हणून रात्रीही अंग निवत नाही. झोप होत नाही. म्हातारी माणसे, लहान लेकरे, गरोदर बाया आणि रक्तदाब-मधुमेहाचे रुग्ण यांना याचा जास्त त्रास होतो. बंगल्यांच्या कॉलनीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे दिसतात. जिथे घरोघरी कूलर नाही, तिथे झाडही नाही. रस्त्यावरचे झाड ही नळ, गटार आणि दिवाबत्ती यांच्याच रांगेतली नागरी सोय आहे, असे आम्ही मानतो.

झाड थंडावा कसे देते?

एक तर ते ऊन अडवते. सावलीतली भिंत किंवा रस्ता उन्हातल्यापेक्षा ११ ते २५ अंश सेल्सिअसने कमी तापलेला असू शकतो. दुसरे, पानांतून पाण्याची वाफ होते आणि माठासारखा आजूबाजूचा गारवा वाढतो. मात्र पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, ही समजूत खरी नाही. उजेडाशिवाय कोणतेच झाड ऑक्सिजन तयार करत नाही.

कोणते झाड, कुठे?

दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते. म्हणून घरांच्या पश्चिम बाजूला, अंगणवाडीसमोर आणि नळाच्या रांगेजवळ आधी झाड लावावे. रुंद रस्त्यावर करंज आणि कडुनिंब चांगले. दोन्ही उन्हाळ्याच्या तोंडावर पालवतात. अरुंद गल्लीत ताम्हण किंवा कांचन चालेल. बहावा दिसतो सुंदर, पण ऐन उन्हाळ्यात त्याची पाने गळलेली असतात. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. झपाट्याने वाढणारा परदेशी कोनोकार्पस टाळावा. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

पिंपळ म्हणजे आपला बोधिवृक्ष. तो वस्तीत हवा, असे सर्वांनाच वाटते. पण त्याची मुळे भिंती आणि गटारे फोडतात. तो विहाराच्या मोकळ्या जागेत लावावा, गल्लीत नको. विजेच्या तारांखाली आणि पाण्याच्या पाइपावर कोणतेच मोठे झाड लावू नये.

लावल्यानंतरचे काम

फोटो काढून झाला की रोपाला कोणी विचारत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते वाळते. जुलैत पाऊस स्थिरावल्यावर पाच-सहा फुटांचे रोप लावावे. खड्डा शक्यतो तीन फूट लांब, रुंद आणि खोल असावा. प्लास्टिकची पिशवी काढूनच रोप मातीत ठेवावे, बांबूचा आधार आणि जाळी द्यावी. पुढचे तीन उन्हाळे दर तीन-चार दिवसांनी एक-दोन बादल्या पाणी लागते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. घरांची पाळी लावली तर कोणावरच भार पडत नाही. आळ्यात पाणी साचून राहू देऊ नये, डास होतात.

रस्ता सिमेंटचा करताना बुंध्यापर्यंत सिमेंट ओतू देऊ नका. मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. आपल्या नगरसेवकाला हे जरूर सांगावे.

हक्काने मागा

माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, हे दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात कोरलेले आहे. तेव्हा ते राज्याचे काम होते; आज ते महापालिकेचे आहे. उद्यान विभागाकडे वस्तीच्या सह्यांनिशी लेखी अर्ज करा, जागा दाखवा, पोच घ्या. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार शहरातले झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. कोणी तोडत असेल तर परवानगीचा कागद मागा.

झाड सावली धरायला काही वर्षे लागतात. तोवर पत्र्यावर पांढरा चुना द्यावा आणि दुपारी पाणी पीत राहावे. उन्हात कोणी बरळू लागले किंवा बेशुद्ध पडले, तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.