प्रातिनिधिक दावा आणि अनुपस्थितांचे हित

एकाच कारणाने शेकडो माणसांच्या हक्कांस बाध येतो, तेव्हा न्यायदानात एक व्यावहारिक अडचण उद्भवते. प्रत्येकाने स्वतंत्र दावा लावावा, तर काल व द्रव्य यांचा अपव्यय होतो. सर्वांनाच पक्षकार करावे, तर मृतांचे वारस नोंदविण्यातच खटल्याचे आयुष्य सरते. इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयांनी या अडचणीवर योजिलेला उपाय आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या आदेशातील आठव्या नियमात आढळतो. समान हितसंबंध असलेल्या अनेकांपैकी एक वा अधिक जण न्यायालयाच्या अनुज्ञेने सर्वांच्या वतीने दावा लावू शकतात. तसेच सर्वांचे प्रतिनिधी म्हणून त्यांच्यावर दावा लावलाही जाऊ शकतो.

या दुसऱ्या प्रकाराचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण महाडच्या चवदार तळ्याचे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही स्पृश्य हिंदूंनी आपल्या समाजाच्या वतीने डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांना अस्पृश्यांचे प्रतिनिधी ठरवून दावा लावला. तळे आमचे असून त्याच्या वापराचा अधिकार केवळ आम्हासच आहे, असे जाहीर व्हावे व प्रतिवादींना कायमची मनाई व्हावी, ही त्यांची मागणी होती. १४ डिसेंबरला मिळालेला तात्पुरता मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. दावा अखेरपर्यंत लढला गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. ज्या अनादि वहिवाटीवर वादींची भिस्त होती, ती सिद्ध झाली नाही. निकाल उलट लागता, तर ज्यांनी न्यायालयाची पायरीही चढलेली नव्हती अशा सहस्रावधी माणसांना त्या तळ्याचे पाणी कायद्याने बंद झाले असते. प्रातिनिधिक दाव्याचे सामर्थ्य व त्यातील धोका ही दोन्ही येथे एकत्र दिसतात.

म्हणूनच नियमातील प्रत्येक पायरी अनुपस्थितांच्या रक्षणासाठी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. अनुज्ञा मिळाल्यावर वादीच्या खर्चाने सर्व हितसंबंधीयांना नोटीस दिली जाते. व्यक्तिशः देणे शक्य नसेल तर जाहीर प्रसिद्धी केली जाते. नोटीस पाहून कोणासही पक्षकार होण्यासाठी अर्ज करता येतो. १९७६ च्या दुरुस्तीने, जी १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आली, हे संरक्षण अधिक दृढ झाले. सर्वांना नोटीस दिल्यावाचून दावा मागे घेता येत नाही, त्यातील कोणतीही मागणी सोडता येत नाही, की तडजोड करता येत नाही. प्रतिनिधी योग्य तत्परता दाखवीत नसेल, तर न्यायालय त्याच्या जागी दुसरा नेमू शकते. शेवटी हुकूमनामा सर्वांवर बंधनकारक ठरतो. अमेरिकेतील नुकसानभरपाईच्या सामूहिक दाव्यांत सामान्यतः सभासदास समूहातून बाहेर पडण्याची मुभा असते. आपल्या नियमात तशी स्पष्ट तरतूद नाही. त्यामुळे नोटिशीचे महत्त्व येथे अधिकच वाढते.

‘समान हितसंबंध’ म्हणजे एकच वादकारण नव्हे, हे त्याच दुरुस्तीच्या स्पष्टीकरणात सांगितले आहे. तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाच्या खटल्यात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ मान्य केला. प्रत्येक घरधारकास वाढीव रकमेची मागणी स्वतंत्रपणे आली असली, तरी सर्वांची तक्रार एकच होती. मात्र माणसे अनेक आहेत एवढ्याने हिताची समानता सिद्ध होत नाही, असे त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये ग्राहक तक्रारीच्या संदर्भात बजावले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नेही आयोगाच्या अनुज्ञेची अट घातलेली आहे.

हे विवेचन खानदेशास लावून पाहता प्रश्नाचे दुसरे अंग उघड होते. जळगाव येथे मुख्य कार्यालय असलेली भाईचंद हिराचंद रायसोनी ही बहुराज्य सहकारी पतसंस्था २०१५ मध्ये अवसायनात निघाली. अशा संस्थेच्या ठेवीदारांचे हित एका अर्थी समान असते. परंतु रक्कम, मुदत व पावत्या प्रत्येकाच्या निराळ्या असतात. शिवाय अवसायन चालू असता केंद्रीय निबंधकाच्या परवानगीवाचून संस्थेवर दावा चालत नाही. दिवाणी दाव्याची वाट अशी अरुंद झाल्यावर उपयोगी पडतो तो महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा. त्यात ठेवीदाराने प्रतिनिधी होण्याची गरज नाही. शासन मालमत्ता जप्त करते, सक्षम प्राधिकारी ती ताब्यात घेतो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने तिचे न्याय्य वाटप होते.

दोन्ही मार्गांतील भेद मूलगामी आहे. प्रातिनिधिक दाव्यात पीडितांपैकीच कोणी पुढे होतो आणि त्याच्यावर न्यायालय व समूह यांची नजर असते. दुसऱ्यात सारी सूत्रे शासकीय यंत्रणेच्या हाती जातात. पहिल्यात प्रतिनिधीच्या निष्ठेचा, तर दुसऱ्यात यंत्रणेच्या गतीचा प्रश्न राहतो. धुळे वा भुसावळच्या एखाद्या वृद्ध ठेवीदारास मात्र कोणत्याही मार्गात एकच गोष्ट तारू शकते : आपल्या नावाने काय चालले आहे, याची वेळेवर व त्याच्या भाषेत मिळालेली सूचना. सूचनेचा नियम केवळ उपचार म्हणून पाळला गेला, तर समूहाच्या नावाने मिळालेला निकाल समूहाचा राहत नाही.