जुन्या तोंडवळ्याच्या नव्या मोटारी : ठेव की वाहन?

चौमहल्ला राजवाड्यात गेलेला पाहुणा खिलवतमधील झुंबरे पाहून बाहेर पडला, की त्याची पावले आपोआप मोटारींच्या दालनाकडे वळतात. तेथे पिवळ्या रंगाची, उंच टपाची एक रोल्स-रॉइस उभी आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागविली होती. परंतु ऑगस्ट १९११ मध्ये ते निवर्तले आणि गाडी हैदराबादेत उतरली ती त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीच्या चासीवर विलायतेतील बार्कर कंपनीने तिचा साज चढविला. मागची बैठक सिंहासनासारखी उंच आणि जरतारी, म्हणून तिला ‘थ्रोन कार’ असे नाव पडले. मिरवणुकीखेरीज ती सहसा बाहेर निघत नसे. पहिल्या पस्तीस वर्षांत तिची एकूण धाव साडेतीनशे मैलांच्या आसपास झाली, असे सांगितले जाते. साडेतीनशे मैल म्हणजे आपल्या हैदराबादहून पुण्यापर्यंतचे अंतर! आपल्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुटीत एका दिवसात जेवढा प्रवास करतात, तेवढा प्रवास या राजगाडीने पस्तीस वर्षांत केला.

हे उदाहरण पुढे करून हल्ली आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो. जुन्या घाटाच्या ज्या नव्या मोटारी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत निघाल्या, त्या घेऊन झाकून ठेवल्या तर पुढे-मागे त्यांचेही असेच मोल होईल काय? की मोटार ती मोटार, चालवावी आणि मोकळे व्हावे?

प्रथम या गाड्या कोणत्या, ते सांगावयास हवे. कारखानदारांच्या ध्यानात ही गोष्ट जपानात लवकर आली. निस्सान कंपनीने १९९१ मध्ये ‘फिगारो’ नावाची एक चिमुकली, उघड्या टपाची गाडी काढली. तिचे रूप पन्नाशीच्या दशकातले, पण पोटातले यंत्र त्या वेळच्या साध्या छोट्या गाडीचे. वीस हजारच गाड्या काढावयाच्या ठरल्या आणि गिऱ्हाइकांची झुंबड एवढी उडाली, की सोडत काढून त्या विकाव्या लागल्या. त्यानंतर फोक्सवागनने बीटलचा नवा अवतार आणला, बी.एम.डब्ल्यू.ने २००१ मध्ये ‘मिनी’ पुन्हा जन्मास घातली, आणि २००७ मध्ये फियाटने आपली ‘पाचशे’. यांपैकी बहुतेक गाड्या कालांतराने भारतातही आल्या. नवी बीटल येथे प्रथम २००९ च्या अखेरीस आली आणि तिची पुढची आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये. आपल्या देशातही याच वाटेने बुलेटवाल्यांची २००९ ची ‘क्लासिक’, महिंद्रांची ‘थार’ आणि २०१८ मध्ये परतलेली ‘जावा’ निघाली. रूप आजोबांचे आणि हाडे नातवाची, असा हा सगळा मामला आहे.

या गाड्यांची हौस आम्हांस कळते. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, क्रोमची पट्टी पाहिली की मनुष्य क्षणभर लहान होतो. यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न उद्भवतो तो हौसेला ‘गुंतवणूक’ हे भारदस्त नाव दिले जाते तेव्हा.

आमच्या परिचयातील बरकतपुऱ्यातल्या एका घराची गोष्ट सांगण्याजोगी आहे. थोरल्या मुलाने २०१६ मध्ये बीटल घेतली. दोन वर्षांनी तो नोकरीनिमित्त अमेरिकेस गेला. २०१९ च्या जुलैत मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातून शेवटची बीटल बाहेर पडल्याची बातमी आली, आणि त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला : “बाबा, आता ही गाडी पुन्हा होणे नाही. किलोमीटर वाढवू नका. नुसती सुरू करून बंद करत जा.” वडील बहात्तर वर्षांचे. निवृत्तीपूर्वी स्वतःची पद्मिनी त्यांनी हैदराबादहून सोलापूर, पंढरपूर, कोल्हापूरपर्यंत हाकलेली. आता दर रविवारी ते वरचे कापड काढतात, दहा मिनिटे इंजिन चालवतात, काच पुसतात आणि पुन्हा कापड घालतात. घरात नव्वदीच्या आजी आहेत. तुळजापूरला एकदा मोटारीने नेऊन आणा, एवढेच त्यांचे मागणे. त्यासाठी भाड्याची गाडी ठरवावी लागते, कारण घरची गाडी ‘ठेव’ आहे. वडिलांच्या परवान्याचे नूतनीकरण या वयात पाच-पाच वर्षांनीच होते आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांचा दाखला लागतो. ते आम्हांस म्हणाले, “गाडीचे मोल वाढेल तेव्हा वाढेल हो. माझी चालवण्याची वर्षे किती उरली, याचा हिशेब कोणी मांडायचा?”

तो हिशेब मांडून पाहू. त्या बीटलची किंमत भारतात आली तेव्हा २८ लाख ७३ हजार रुपये होती. त्यावर रस्त्याचा कर आणि विमा निराळा. एवढीच रक्कम सालाना सात टक्के व्याजाने चक्रवाढीने ठेवली असती, तर दहा वर्षांत तिचे साडेछप्पन्न लाख झाले असते. म्हणजे गाडीने केवळ बँकेशी बरोबरी करावयाची झाली, तरी तिला आज साडेछप्पन्न लाख देणारा गिऱ्हाईक भेटावयास हवा. शिवाय तिने या काळात दरवर्षी विमा खाल्ला, बॅटऱ्या खाल्ल्या आणि तळमजल्यावरची जागा खाल्ली, ती निराळीच. विमेवाल्यांचा स्वतःचा तक्ता पाहिला तर त्यांस गोल दिव्यांचे कौतुक नाही. कोणतीही मोटार सहा महिन्यांच्या आत पाच टक्क्यांनी, तिसऱ्या वर्षात तीस टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षात निम्म्याने उतरते.

परदेशांतील अनुभवही फारसा निराळा नाही. अमेरिकेत क्रायस्लरच्या ‘पी.टी. क्रूझर’ने २००० साली अशीच धूम केली होती. छापील किमतीहून जास्त पैसे मोजून लोकांनी ती घेतली. पुढे दहा वर्षांत अशा तेरा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि आज त्या जुन्या बाजारात कोणत्याही सामान्य गाडीच्या भावाने मिळतात. फोर्डने २००२ ते २००५ या काळात ‘थंडरबर्ड’ पुन्हा काढली. पुष्कळांनी ती गॅरेजात जपून ठेवली. सर्वांनीच जपल्यामुळे आज जपलेल्या थंडरबर्ड मुबलक आहेत, आणि मुबलक वस्तूस भाव कसा येणार?

अपवाद आहेत, ते लपविण्याचे कारण नाही. त्याच फोर्डने २००५ आणि २००६ मध्ये ‘जी.टी.’ नावाची गाडी काढली. १९६६ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या गाडीची ती छबी होती. अवघ्या चार हजारांच्या घरात त्या निघाल्या. दीड लाख डॉलरच्या आत मिळालेली ही गाडी आज त्याच्या दुपटीहून अधिक किमतीस जाते. वर सांगितलेल्या फिगारोवरही इंग्लंडात लोक जीव टाकतात. संख्या थोडी, ती पुन्हा न काढण्याचे वचन पाळलेले, आणि गाडीच्या अंगी रूपाखेरीज स्वतःचे काही वेगळेपण, एवढे जमले की मोल चढते. पण नुसती संख्या थोडी असणे पुरत नाही आणि जास्त असणे आडही येत नाही. मूळची बीटल तर २००३ पर्यंत २ कोटी १५ लाखांहून अधिक निघाली. तरी चांगल्या अवस्थेतल्या जुन्या बीटलला आजही मागणी आहे. कारण ती कोणाची नक्कल नव्हती. अर्ध्या जगाने ती पहिली मोटार म्हणून चालवली आणि त्या आठवणींचे आज पैसे मिळतात. नव्या बीटलकडे आहे ती उसनी आठवण.

‘थार’चे काय, असे कोणी विचारील. तिला जुन्या बाजारात भाव चांगला येतो, हे खरे. पण तो नव्या गाडीसाठी थांबावे लागत होते म्हणून आणि ती डोंगरदऱ्यांत उपयोगी पडते म्हणून. संग्रहाशी त्याचा संबंध नाही.

आता पुन्हा निजामांकडे वळू, कारण आपल्या शहरात दुसरी बाजूही पाहावयास मिळते. १९६७ मध्ये मुकर्रम जाह यांच्याकडे वारसा आला, तेव्हा गॅरेजात साठ मोटारी होत्या आणि त्यांतल्या चारच चालू अवस्थेत होत्या, असे जॉन झुब्रझिकी यांनी ‘द लास्ट निजाम’ या ग्रंथात लिहिले आहे. सांभाळण्यासाठी माणसे होती, पैसा होता, जागा तर अफाट होती. तरी छप्पन्न गाड्या उभ्या-उभ्या गेल्या. थ्रोन कार आज झळकते ती न चालविल्यामुळे नव्हे. तिच्यावर पुढे निष्णात कारागिरांनी मेहनत घेतली आणि तिच्यामागे एका राज्याचा इतिहास उभा आहे, म्हणून. आपल्या तळमजल्यावरील गाडीमागे कोणता इतिहास आहे, हे ज्याने-त्याने विचारून पाहावे.

इतिहास असलेली एक गाडी मात्र आपल्यातील काही घरांत खरोखर आहे, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती म्हणजे पद्मिनी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास बांधलेली फियाट सत्तरीच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, तेव्हा मुंबईकर हळहळले. काचीगुडा-सुलतान बाजारच्या गल्ल्यांत अशा एक-दोन गाड्या अजून धूळ खात उभ्या दिसतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली खासगी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढील नोंदणीस पाच हजार, आणि क्रमांकात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे. म्हणजे १९७५ साली नोंदलेली पद्मिनी २०२५ मध्येच या मानास पात्र झाली! २०१६ ची बीटल पात्र होईल २०६६ मध्ये.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. ज्यांनी त्या काळी पेट्रोलच्या महागाईला कंटाळून डिझेल इंजिन बसवून घेतले, त्यांची वाट येथेच अडते. आणि व्हिंटेज ठरलेली गाडी रोजच्या कामास वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी, असा नियम आहे. तेव्हा भाजी आणावयास ती हवी असेल, तर नेहमीचे आर.सी. बुकच बरे.

राहिली उभ्या गाडीची निगा. आझमपुऱ्याकडील एक वयस्क मेस्त्री आमच्या ओळखीचे आहेत. ते दखनीत म्हणतात, “गाडी खडी रखे तो मरती, साब.” यात अतिशयोक्ती थोडीच. दहा मिनिटे इंजिन जागच्या जागी चालवून बॅटरी भरत नाही, उलट सुरू करताना गेलेली वीजही पुरती परत येत नाही. इंजिन पुरेसे तापत नाही म्हणून सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, आणि न झिजताही त्यांचे रबर वयाने कडक होते. टायरच्या कडेवर चार अंकांत आठवडा आणि साल कोरलेले असते, ते एकदा वाचून पाहावे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. ते हवेतील ओल शोषते, आणि टाकीत महिनोनमहिने पडून राहिले तर पाणी खाली बसते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. म्हणून ज्यांना गाडी ठेवावयाचीच आहे, त्यांनी टाकीतले पेट्रोल पडून राहू देऊ नये, आणि उंदरांनी तारा कुरतडल्या नाहीत ना, हे बॉनेट उघडून पाहत जावे.

आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी तिला सलग वीस-पंचवीस किलोमीटर पळवावी. बरकतपुऱ्याहून गंडीपेठेपर्यंत जाऊन येणे यास पुरेसे होते. रविवारी पहाटे साडेपाचला निघावे, घरातील वडीलधाऱ्यांना पुढच्या आसनावर बसवावे आणि तलावाकाठी थर्मासमधला चहा घ्यावा. परतताना मेहदीपट्टणम साडेआठच्या आत ओलांडलेले बरे; नंतर तेथे गर्दीत गाडी तापते.