पॅशन फळावरील विषाणुरोग : ओळख व परीक्षा

अंगणातील मांडवावर चढणारी कृष्णकमळाची वेल महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच कुळातील पॅशन फळाची लागवड केरळ, कोडगू, निलगिरी तसेच मणिपूर, नागालँड व मिझोराम या प्रदेशांत केली जाते. या पिकाचा एक अतिशय घातक शत्रू म्हणजे फळे लाकडासारखी टणक करणारा विषाणुजन्य ‘वुडीनेस’ रोग होय. तो विषाणूमुळे होतो, हे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये आर. जे. नोबल यांनी १९२८ साली दाखवून दिले. रोग जडलेली वेल कोणत्याही औषधाने बरी होत नाही. म्हणून तो वेळीच ओळखण्यातच बागाइतदाराचे हित आहे.

लक्षणे

कोवळ्या पानांवर फिकट व गडद हिरवे चट्टे दिसू लागतात. पाने आकसतात व वेडीवाकडी होतात. फळे लहान व बेढब राहतात. फळ कापले असता साल जाड व कठीण, आतील पोकळी लहान आणि रस अत्यल्प आढळतो. थंड हवेत ही लक्षणे ठळक होतात, तर उष्ण दिवसांत ती झाकली जातात. यास्तव उन्हाळ्यात निरोगी भासणारी वेल रोगमुक्त असेलच, असे समजू नये.

अन्नद्रव्यांच्या उणिवेमुळे किंवा कोळी किडीमुळेही पाने पिवळी पडतात. तसेच काकडीवरील मोझॅक विषाणू या वेलीवर आला, तर वेलीच्या काही भागावरच भडक पिवळे डाग पडल्याचे पुष्कळदा दिसते. केवळ पानांच्या रंगावरून निर्णय करणे म्हणूनच धोक्याचे असते.

प्रसार

रोगट पानातील रस शोषणारा मावा काही क्षणांतच विषाणू उचलतो व तितक्याच त्वरेने दुसऱ्या वेलीस देतो. कीटकनाशकाने मावा मरण्यापूर्वीच हे कार्य उरकलेले असते. त्यामुळे केवळ फवारणीवर विसंबता येत नाही. छाटणीची हत्यारे व रोगट वेलीची कलमे यांमुळेही रोग पसरतो.

परीक्षा

ऑस्ट्रेलियात आणि ब्राझीलमध्ये फळे सारखीच टणक होतात. तथापि ब्राझीलमध्ये त्यास मुख्यतः चवळीवरील, माव्याने पसरणारा मोझॅक विषाणू कारण असतो. हा भेद डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पुढील परीक्षा उपयोगी पडतात :

१. निदर्शक वनस्पती : संशयित पानांचा रस चाकवताच्या वर्गातील क्विनोआच्या पानांवर हलकेच चोळतात. विषाणू असल्यास काही दिवसांत तेथे ठिपके उमटतात.

२. एलायझा : विशिष्ट प्रतिद्रव्याशी विषाणूचा संयोग झाला की द्रावणास रंग येतो. एका वेळी अनेक नमुने तपासता येतात.

३. आरटी-पीसीआर : विषाणूच्या आरएनएची डीएनए प्रत तयार करून ती अनेकपट वाढवितात. लक्षणे नसलेल्या रोपातील विषाणूही याने सापडतो.

तपासणीसाठी निरनिराळ्या वेलींची ताजी, कोवळी पाने स्वतंत्र पिशव्यांत घालावी, त्यांवर वेलीची खूण लिहावी व ती थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवावी.

दक्षता

रोपे कीटकरोधक जाळीखाली वाढवावी व मातृवेली तपासून घ्याव्या. नवी लागवड जुन्या रोगट बागेजवळ करू नये. कोवळ्या बागेत रोगट वेल दिसताच ती उपटून नष्ट करावी. छाटणीची हत्यारे प्रत्येक वेलीनंतर निर्जंतुक करावी. एक वेल गमावण्याचे दुःख मोठे खरे. परंतु ती राखण्याच्या मोहात सबंध मांडव गमावण्याची पाळी येऊ शकते.