नारळीकरांच्या कथेच्या दोन भाषा

विज्ञानकथा सिद्धान्तावर उभी असल्यामुळे ती कोणत्याही भाषेत सारखीच उतरते, असा एक समज आढळतो. सिद्धान्ताला मातृभाषा नसते, हे खरे. परंतु कथेला ती असते. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या कथा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही रूपांत वाचल्या असता हा भेद स्पष्ट होतो.

कोल्हापुरात जन्म, काशीत बालपण आणि केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यापाशी संशोधन, असा नारळीकरांचा प्रवास. हॉइल स्वतः कादंबरीकार होते. नारळीकरांच्या संशोधनाची भाषा इंग्रजी. पण कथाकार म्हणून ते प्रथम पुढे आले ते मराठीत, आणि तेही नाव लपवून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटून हे नाव त्यांनी घेतले होते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ख्यातनाम शास्त्रज्ञाच्या कीर्तीचे वजन न पडता कथा पारखली जावी, ही त्यामागील दृष्टी होय.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा एका मुंबईत जातात, की जिच्या इतिहासात १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे विजयी झाले. मराठीत ‘पानिपत’ हे केवळ गावाचे नाव नव्हे; ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता धुव्वा उडणे. मराठे पानिपत जिंकतात त्याच जगात सभेतील रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीचा मोह पंतांना आवरत नाही, आणि श्रोते त्यांचा धुव्वा उडवितात. हा सारा उपरोध शीर्षकात आधीच साठविलेला आहे. इंग्रजीत हीच कथा ‘द अ‍ॅडव्हेंचर’ झाली आणि अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकातून देशभर पोचली. तेथे घटना टिकली, सिद्धान्त टिकला. शब्दात मुरलेली जखम मात्र मागे राहिली. मराठी वाचकाला जे आठवते, ते इतरांना समजून घ्यावे लागते.

‘वामन परत न आला’ या कादंबरीचे इंग्रजी नाव ‘द रिटर्न ऑफ वामन’ असे आहे. एक शीर्षक पुनरागमन नाकारते, दुसरे त्याची घोषणा करते! बळीकडे तीन पावले मागणारा बटू मात्र भारतातील बहुतेक भाषांच्या ओळखीचा आहे. त्यामुळे मानवाने घडविलेल्या बुद्धिमान यंत्राला दिलेले हे नाव भाषांतरातही आपला अर्थ गमावीत नाही. सर्वच संदर्भ भाषेच्या सीमेवर अडत नाहीत, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

नारळीकरांची पात्रे पुष्कळदा सिद्धान्त सांगण्यापुरतीच बोलतात, हा आक्षेप निराधार नाही. गंगाधरपंतांना क्वांटम सिद्धान्त समजावून देणारे राजेंद्र देशपांडे हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु केवळ इंग्रजी रूपावरून या लेखकाला विज्ञानप्रसारक ठरविणे अन्यायाचे होईल. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या मराठी आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्यांच्या कथांचे मूल्यमापनही ज्या भाषेत त्या प्रथम श्वास घेत्या झाल्या, त्या भाषेपासूनच सुरू झाले पाहिजे.