घरकुल योजनांमधील धूरमुक्ती

घरकुल योजनांमधील धूरमुक्ती म्हणजे शासकीय साहाय्याने बांधल्या जाणाऱ्या घरांतून चुलीचा धूर हटवण्यासाठी आखलेली धोरणे होत. महाराष्ट्रात प्रधानमंत्री आवास, रमाई आवास, शबरी आदिवासी घरकुल व पारधी आवास या योजनांतून अशी घरे बांधली जातात. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यासारख्या ग्रामीण, कोरडवाहू भागात या धोरणांचा संबंध थेट स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या व त्यांच्याजवळ बसणाऱ्या लहान मुलांच्या आरोग्याशी येतो.

पार्श्वभूमी

बालाघाटच्या पठारावर मोठे जंगल नसल्याने सरपण शेतातून व बांधावरून येते: तुराट्या, पऱ्हाट्या, वेड्या बाभळीचे लाकूड आणि गोवऱ्या. तुराट्या भुर्रकन पेटतात व लवकर विझतात. त्यामुळे भाकरी थापणारीला चुलीपुढून हलता येत नाही. जुन्या माळवदाच्या घरात धूर जाण्यासाठी छताला भोक ठेवलेले असे. सिमेंटच्या सपाट छताच्या घरकुलात ही सोय सहसा राहिली नाही. घर पक्के झाले, पण चूल आत राहिली तर धूर पूर्वीपेक्षा अधिक कोंडतो. हा विरोधाभास योजनाकारांच्या लक्षात यायला वेळ लागला.

चुलीच्या धुरातील सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड यांमुळे फुप्फुसांचे दीर्घकालीन विकार, मुलांमधील न्यूमोनिया व हृदयविकार यांचा धोका वाढतो. शास्त्रज्ञ कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत केलेल्या मोजमापांमुळे हा प्रश्न जगापुढे आला.

धोरणांचा प्रवास

केंद्राचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1980च्या दशकात सुरू होऊन 2002 मध्ये थांबला. त्यात कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या, परंतु त्यांतील बऱ्याच टिकल्या नाहीत. मातीची चूल तडकते, धुराड्यात काजळी साचते, अरुंद तोंडात जाड लाकूड मावत नाही; दुरुस्तीला मात्र गावात कोणी नसे.

इंदिरा आवास योजनेत प्रत्येक घराबरोबर शौचालय व निर्धूर चूल अपेक्षित होती. चूल न बसवल्यास अनुदानातून 100 रुपये आणि शौचालय न बांधल्यास 600 रुपये कापण्याची तरतूद मार्गदर्शक सूचनांत होती. एवढ्या अल्प कपातीचा धाक वाटणे कठीणच होते.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 मध्ये आली. घराचे किमान क्षेत्रफळ 20 वरून 25 चौरस मीटर झाले व त्यात स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेचा समावेश करण्यात आला. त्याच वर्षी 1 मे रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून घरातील स्त्रीच्या नावे गॅसजोडणी मिळू लागली. या योजनेतील आठ कोटींवी जोडणी 7 सप्टेंबर 2019 रोजी मराठवाड्यातच, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली.

जोडणी आणि वापर

जोडणी मिळाली म्हणजे धूर संपला असे होत नाही. 14.2 किलोच्या टाकीची किंमत एकरकमी द्यावी लागते, तर तुराट्या घरच्याच असतात. हंगामी मजुरीवर किंवा ऊसतोडीवर जगणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब टाळता येत नाही. त्यामुळे चहा व भाजी गॅसवर, भाकरी व अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी अनेक घरांत दिसते. चुलीवरच्या भाकरीची चव हेही कारण सांगितले जाते. ते खरे असले तरी रोखीच्या टंचाईवर पांघरूण घालणारेही असू शकते. पाणी तापवण्याची चूल अंगणात हलवली तरी घरातला धूर बराच कमी होतो, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

तंबाखूचा धूर

अमेरिकेत सार्वजनिक गृहनिर्माणातील धूरमुक्ती म्हणजे धूम्रपानबंदी होय. तेथील गृहनिर्माण विभागाच्या नियमानुसार 2018च्या जुलैअखेरपर्यंत सर्व सार्वजनिक वसाहतींत, सदनिकांच्या आतही, धूम्रपान बंद करणे बंधनकारक झाले. भारतातील 2003च्या तंबाखू नियंत्रण कायद्याची सार्वजनिक ठिकाणांवरील धूम्रपानबंदी खासगी घराच्या आत लागू होत नाही. महाराष्ट्रात 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के होते. यामुळे राज्याच्या ग्रामीण घरकुलांच्या संदर्भात धुराची चर्चा मुख्यतः चुलीभोवतीच राहिली आहे.