मासा सगळे पाहतात, पाणी कोण पाहतो?

१६ सप्टेंबर २०२० रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने गोंदणं म्हणजे डॉक्टरकी नव्हे, असा निर्वाळा दिला आणि ओसाकाचे टॅटू कलाकार ताइकी मासुदा अखेर सुटले. डॉक्टरकीच्या परवान्याशिवाय गोंदल्याबद्दल २०१७ मध्ये त्यांना दीड लाख येन दंड झाला होता. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो रद्द केला, तरी सरकारी पक्ष अपिलात गेला. हे सगळं छापून आलं. या कामाला वैद्यकीय शिक्षण लागत नाही, मग काय लागतं, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही.

खांद्यापासून मनगटापर्यंत जपानी पद्धतीने गोंदलेला हात पाहिला की ते कळतं. नजर आधी कोई माशावर जाते. धबधबा चढून गेलेला मासा ड्रॅगन होतो, ही मूळची चिनी कथा. म्हणून तो चिकाटीचं प्रतीक. पण माझ्या मते होरिशीचा, म्हणजे गोंदणाऱ्या उस्तादाचा कस लागतो तो माशामागच्या पाण्यात. लाटा, वारा, ढग यांची ही काळी-करडी पार्श्वभूमी म्हणजे गाकुबोरी. तीच कोपराच्या वळणावरून, काखेच्या कडेने फिरत सगळी चित्रं एकत्र बांधते. हात वाकवला तरी लाट तुटलेली दिसता कामा नये. ऋतूही तिथेच ठरतो. पाण्यावर मेपलची लाल पानं तरंगत असतील तर तो शरद. जुन्या वळणाचा होरिशी त्यात सहसा चेरीचा बहर मिसळत नाही.

ही दृष्टी आली लाकडी ठशांच्या चित्रांतून. १८२७ च्या सुमारास चित्रकार कुनियोशीने ‘सुइकोदेन’ या चिनी कथेतले वीर अंगभर गोंदलेले रंगवले आणि एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) अग्निशामकांनी, मजुरांनी तशी चित्रं अंगावर घेतली. १८७२ मध्ये गोंदण्यावर बंदी आली, ती १९४८ पर्यंत टिकली. तरी कला गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. योकोहामाचे होरियोशी तिसरे हे आजचं त्यातलं सर्वांत मोठं नाव. ते रेषा यंत्राने काढू लागले, छटा मात्र हातानेच भरत राहिले.

आपल्याकडची गोंदणारी बाई जत्रेत एका बैठकीत तुळस गोंदून देई. जपानी पद्धतीत आधी रेषा, मग छटा, मग रंग. दोन बैठकांमध्ये कातडी भरून यायला काही आठवडे. अख्ख्या हाताला वर्ष सहज लागतं. शाई जाते त्वचेच्या आतल्या थरात आणि तिथल्या पेशी ती गिळून धरतात. त्या मेल्या की सुटलेली शाई नव्या पेशी उचलतात, हे २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. तरीही वर्षांनुवर्षं रेषा थोडी पसरतेच. म्हणून बारीक नक्षीपेक्षा ठसठशीत आकार टिकतात.

हौसेने एकेक सुटं चित्र काढून घेऊन नंतर मधल्या जागा भरून मागणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी पाणी ठरवा.

न्यायालयाच्या त्या निकालाने सगळं सुटलेलं नाही. अनेक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्यांना आजही प्रवेश मिळत नाही. सुया, शाई, निर्जंतुकीकरण यांचे नियम तर हवेतच. ते बनवताना सरकारने होरिशींना सोबत घ्यावं. कातडीवर काम करताना काय सांभाळावं लागतं, ते त्यांना पिढ्यांपासून ठाऊक आहे.